वासराच्या वाट्याचे दूध

परांडे तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. चैत्रातल्या यात्रेला येथे दूरदूरचे भाविक येतात. मंदिराच्या परिसरात वानरांचा संचार मुक्त असतो. ही वानरे कोणाच्या उपयोगी पडत नाहीत. ती दूध देत नाहीत, नांगर ओढत नाहीत, उलट उभ्या पिकाची नासाडी करतात. तरीही भाविक त्यांच्यापुढे फुटाणे टाकतो, आणि त्यांच्यावर हात उगारणे पाप समजले जाते. याच धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ साली साऱ्या देशाने कौतुकाने वाचले. काहीही परत न मिळण्याची खात्री असताना दिलेला मान, असे या श्रद्धेचे वर्णन करता येईल.

त्याच पंचक्रोशीत गायही पूज्य आहे. तिचे स्थान वानरापेक्षा खरे तर कितीतरी वरचे, कारण ती माता मानलेली आहे. परंतु या मातेची योग्यता रोज सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर मोजली जाते. तेथे फॅट व एसएनएफ यांचे आकडे लागतात आणि त्या आकड्यांवर तिच्या आंबोणाची पाटी भरायची की निम्मी ठेवायची हे ठरते. ती आटली की मायेचा ओघही आटू लागतो. तिला गोऱ्हा झाला तर गोठ्यात आनंदापेक्षा चिंता अधिक पसरते. ज्याच्यापासून काही मिळत नाही त्या वानराला जमीन, आणि जिच्यावर घर चालते तिच्या लेकराला पोटभर दूधही नाही, ही विसंगती धाराशिवपुरती नाही. गोभक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या सर्व समाजाची ती आहे. म्हणूनच तिची चर्चा भावनेच्या उमाळ्याने वा उपहासाने न करता थोड्या शांतपणे व्हावयास हवी.

वसुबारसेचा विसरलेला अर्थ

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा होते. ‘सवत्स’ हा शब्द येथे महत्त्वाचा. एकट्या गायीची पूजा या दिवशी सांगितलेली नाही, तर तिच्या पायाशी वासरू असले पाहिजे. पूजा करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी उपवास करतात, गहू व मूग वर्ज्य करतात आणि गायीचे दूध, दही, तूप यांनाही शिवत नाहीत. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सुटतो. कर्मकांड म्हणून हे सारे आजही पाळले जाते, पण त्यातील विचार मात्र पुसट झाला आहे. दूध वर्ज्य करण्याचा सरळ अर्थ असा की, हे दूध मुळात वासराचे आहे, एरवी माणूस ते मागून घेतो, निदान आजच्या दिवशी तरी ज्याचे त्याला मिळावे. दूध पिणाऱ्या समाजाने स्वतःच्या दुग्धपानावर ठेवलेला हा एक दिवसाचा अंकुश होय. दुधाचा नैतिक प्रश्न परदेशांतील दूधत्यागी मंडळींनी प्रथम उपस्थित केला असे समजणाऱ्यांनी आपल्या आजीची वसुबारस आठवून पाहावी.

जुन्या गोठ्यात या विचाराला काही आधार होता. वासराला आधी कासेला लावल्याखेरीज गाय पान्हवत नसे. त्यामुळे वासराचा वाटा, थोडा का होईना, निसर्गच राखून ठेवीत असे. त्यातही सर्व काही पवित्र होते असे मानण्याचे कारण नाही. नुकत्याच व्यालेल्या गायीच्या चिकाचा खरवस हा मराठी घरातील आवडीचा पदार्थ. आणि तोच चीक जन्मलेल्या वासराला पहिल्या काही तासांत मिळाला तर त्याच्या अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ येते, हे पशुवैद्यक सांगते. शेजारीपाजारी वाटला जाणारा खरवस वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा आहे की त्याच्या तोंडचा काढलेला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

नव्या दुग्धव्यवसायाने तो पुसट धागाही तोडला. १९७० पासून ‘दूध महापूर’ योजनेने देशाचे चित्र पालटले. २०२३-२४ या वर्षात भारताचे दुग्धोत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लक्ष टनांवर गेले आणि दरडोई दररोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध झाले. ज्या देशात एके काळी दुधासाठी रेशनकार्डाची रांग होती, त्या देशाने जगात पहिला क्रमांक मिळविला, ही सामान्य गोष्ट नव्हे. कोरडवाहू भागात तर या व्यवसायाचे मोल आणखी मोठे आहे. परांडे, भूम, वाशी हा पट्टा अवर्षणाचा. ज्वारी-तुरीचा भरवसा नाही तेथे दर दहा दिवसांनी हाती पडणारा दुधाचा पैसा हाच संसाराचा कणा ठरतो. भूम-परांड्याच्या खव्याने आणि कुंथलगिरीच्या पेढ्याने याच दुधाला नाव मिळवून दिले. एक किलो खव्यासाठी सुमारे पाच लिटर दूध आटवावे लागते. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना घेतली. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या तीर्थाच्या नावाने पेढा ओळखला जावा, यात खवटपणे बोट ठेवण्याजोगे काही नाही. परंतु त्या पेढ्यामागील वासराचे काय झाले, हा प्रश्न विचारण्यास याहून योग्य स्थळही दुसरे नाही.

नर गेले कोठे?

प्रश्नाचे उत्तर पशुगणनेत आहे. २०१२ साली देशात गोवंशातील माद्यांची संख्या सुमारे १२ कोटी ३० लक्ष होती, २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती १८ टक्क्यांनी वाढून १४ कोटी ५१ लक्ष झाली. याच सात वर्षांत नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लक्षांवरून ४ कोटी ७४ लक्षांवर उतरली. निसर्गात कालवडी आणि गोऱ्हे जवळजवळ सारख्याच संख्येने जन्मतात, गणनेत मात्र तीन माद्यांमागे एक नर उरतो. उरलेल्या दोघांचे काय झाले? ते कोणत्याही गोशाळेत नाहीत, कारण तसे असते तर गणनेत दिसले असते. काही कसायाकडे गेले, काही रस्त्यावर सोडले गेले. आणि कितीतरी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच, दुधावाचून, दावणीला बांधलेल्या अवस्थेत संपले. त्या मृत्यूवर सुरी चालली नाही म्हणून तो कोणत्याही कायद्याच्या कक्षेत आला नाही आणि कोणाच्या भावनाही दुखावल्या नाहीत.

हे एका दिवसात घडले नाही. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले. संकरित गाय आली, तिचा गोऱ्हा उन्हात नांगराला टिकेना. महाराष्ट्रात या संकराचा पाया ज्या संस्थेने घातला ती उरळीकांचनची ‘बाएफ’ १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केली. मणिभाई हे गांधीजींचे अनुयायी. शेतकऱ्याच्या दारात दुधाचा पैसा यावा हीच त्यांची तळमळ होती आणि ती मोठ्या प्रमाणात सफलही झाली. परंतु खिलार, देवणी किंवा लाल कंधारी गायीच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा हा घरचा भावी बैल असे, पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लागत असे. संकरित गायीच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा पहिल्याच दिवसापासून अनाहूत पाहुणा ठरला. दूध वाढले आणि त्याबरोबर अनाहूतांची संख्याही वाढली. पोळ्याच्या दिवशी मातीच्या बैलांची पूजा करणारी घरे वाढत जाणे, हा केवळ शहरीकरणाचा परिणाम नव्हे.

विचारवंतांचा वाद आणि कायद्याची वाट

गायीविषयी महाराष्ट्राने केवळ भजने म्हटली नाहीत, विचारही पुष्कळ केला आहे. सावरकरांनी १९३० च्या दशकात गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजन नव्हे, असे निःसंदिग्धपणे बजाविले. गांधीजींचा मार्ग निराळा. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. इंद्रियसंयमाबरोबरच गायीम्हशींचा पान्हा ओढून काढण्याच्या क्रूर प्रकारांची माहिती हेही त्याचे एक कारण होते. पुढे प्रकृती ढासळल्यावर त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि व्रताचा शब्द राखला पण आत्मा गमावला, अशी खंत प्रांजळपणे नोंदविली. गोपूजक राष्ट्राच्या नेत्याला दूध पिणे हा अपराध वाटावा आणि त्याच राष्ट्राला ते स्मरूही नये, हे लक्षणीय आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वर्ध्यास गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्याला वाहिले. त्या परंपरेत गोरक्षण म्हणजे केवळ वधबंदी नव्हती; सुधारित पैदास, वैरण आणि नैसर्गिक रीतीने मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उद्योगही तिच्यात होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीचे चर्मालय हे त्याचेच फलित. विनोबांनी १९७९ च्या एप्रिलमध्ये गोवधबंदीसाठी उपोषण केले आणि १९८२ च्या जानेवारीत देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू करविला. १९६० च्या दशकात पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी मात्र निराळा सूर लावला होता. भारतीयांची गोपूजा ही मुळात व्यवहारोपयोगी आहे, हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांचा सिद्धान्त त्यांना पटला नाही. उपलब्ध चाऱ्याच्या मानाने जनावरांची संख्या अवाजवी आहे, म्हणून सारीच अर्धपोटी राहतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

कायदा या वादात हळूहळू एका बाजूला सरकत गेला. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात गायी, वासरे व इतर दुभत्या-ओढाळ जनावरांच्या वधाला मनाई करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने गायी-वासरांच्या वधावरील बंदी उचलून धरली, परंतु निरुपयोगी झालेल्या बैलांवरही सरसकट बंदी घालणे वाजवी नाही असे म्हटले. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही भूमिका बदलली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीचा वध थांबविला होता. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या संरक्षणाखाली आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिनी ५० रुपये अनुदान जाहीर केले.

म्हैस या साऱ्या संरक्षणाबाहेर आहे. दुधाचा मोठा वाटा ती उचलते, परंतु तिच्या रेडकासाठी कोणाचा कंठ दाटून येत नाही. माया जर दुधाची असेल तर म्हैसही मावशी ठरावयास हवी होती. आणि संकरित गाय? वधबंदीत ती आहे, राज्यमातेच्या सन्मानात आणि अनुदानात नाही. शहरात पोहोचणाऱ्या पिशवीतील गायीचे दूध बहुतांशी तिचे असते. म्हणजे जिचे दूध प्यायचे तिला मान नाही, जिला मान द्यायचा तिचे दूध परवडत नाही, अशी स्थिती निर्माण झाली आहे.

पन्नास रुपयांचा हिशेब

वधबंदी योग्य की अयोग्य, हा वाद येथे क्षणभर बाजूला ठेवू. गाय अथवा तिचे वासरू मारायचे नाही, हे व्रत मान्य आहे असे धरून चालावे. मग ते व्रत पाळण्याचा खर्च किती आणि तो कोण करतो, एवढाच प्रश्न उरतो.

शासनाने जाहीर केलेला ५० रुपयांचाच दर घ्यावा. तो अपुरा आहे हे शासनच सांगेल, कारण २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीतील मोठ्या जनावरासाठी शासनाने प्रतिदिन १०० रुपयांपर्यंत मंजूर केले होते. तरीही ५० धरले तर एका जनावराचा वर्षाचा खर्च १८,२५० रुपये होतो. हिशेबासाठी एक संकरित गाय पाच वेळा व्याली, प्रत्येक वेतात तिने अडीच हजार लिटर दूध दिले आणि भाकड झाल्यावर ती केवळ पाच वर्षे जगली, असे मानू. एकूण दूध १२,५०० लिटर. उत्तरायुष्याचा खर्च ९१,२५० रुपये. पाच वेतांत सरासरी अडीच गोऱ्हे. ते प्रत्येकी पंधरा वर्षे जगले तर त्यांच्या पोषणास सुमारे ६ लक्ष ८४ हजार रुपये लागतील. दोन्ही मिळून पावणेआठ लक्षांहून अधिक. १२,५०० लिटरांवर हा खर्च वाटला तर दर लिटरमागे सुमारे ६२ रुपये पडतात. हे चाऱ्याचे, मजुरीचे वा नफ्याचे पैसे नव्हेत. ‘मारणार नाही’ या एका शब्दाची ती किंमत आहे, आणि दुधाच्या पिशवीवर तिचा उल्लेख कोठेही नाही.

आकडे थोडे इकडेतिकडे होतील. एखादा गोऱ्हा कामाला लागेल, शेणखताचे चार पैसे येतील. निष्कर्ष बदलणार नाही. दूध पिणारा ही किंमत देत नाही, म्हणून ती दुसरे कोणीतरी देतात. पहिला देणारा गोऱ्हा. तो उपासमारीने देतो. दुसरा शेतकरी. भाकड गाय विकून येणाऱ्या पैशात थोडी भर घालून दुभती गाय घ्यायची, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. ती मोडल्यावर त्याच्या दावणीला एक तोंड कायमचे वाढले. तिसरा जनावरांचा व्यापारी व वाहतूकदार; कायदेशीर खरेदीची पावती खिशात असतानाही रस्त्यात अडविले जाण्याचे भय त्याच्या मानगुटीवर बसते. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यात जनावरांची खरेदी बंद ठेवली तेव्हा आठवडी बाजारांत म्हशीलाही गिऱ्हाईक मिळेना आणि गोपालकांची कोंडी झाली, हे फार जुने नाही.

चौथ्या देणाऱ्याचा तर समाजाने कधी विचारच केला नाही. गाय मेली की माता म्हणणाऱ्यांपैकी कोणी तिला हात लावीत नसे. ती ओढून नेण्याचे काम गावकुसाबाहेरच्या माणसावर लादलेले होते, आणि ते केले म्हणूनच त्याला अस्पृश्य ठरविले जात होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा आणि ही हीन ठरविलेली कामे टाकून देण्याचा जो संदेश दिला, त्यात गोभक्तीच्या या व्यवस्थेवरील सर्वांत भेदक टीका सामावलेली होती. पूजा एकाने करायची आणि तिचे ओझे दुसऱ्याने वाहायचे, ही तऱ्हा तेव्हा होती. आज ओझे वाहणारे थोडे बदलले आहेत एवढेच.

दूध सोडावे काय?

यावर एक सरळ उत्तर दूधत्यागींचे आहे. वासराला उपाशी ठेवल्याखेरीज वा माघारी मारल्याखेरीज दूध मिळत नसेल तर दूधच सोडा, असे ते म्हणतात. या भूमिकेत तर्काची चूक नाही. आणि ज्याला ती पाळता येते त्याची थट्टा करण्याचा अधिकार निदान गोमातेचा जयजयकार करणाऱ्याला नाही. परंतु परांड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला उद्यापासून दोन गायी सोड असे सांगणे, म्हणजे त्याला मुलांची शाळा सोडवून ऊसतोडीच्या टोळीत जा असे सांगणे होय. ज्या घरात डाळ रोज शिजत नाही त्या घरातील मुलाच्या पेल्यातील दूध काढून घेणेही न्यायाचे नाही. त्याग हा ज्याच्या ताटात पुष्कळ आहे त्यानेच आधी करावयाचा असतो.

दुसरे उत्तर व्यवहारवाद्यांचे. भाकड जनावराच्या विक्रीची वाट मोकळी करा, प्रश्न आपोआप सुटेल, असे त्यांचे म्हणणे. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात मोठे तथ्य आहे आणि ते दडपून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ज्या समाजाने विधिमंडळातून निराळा निर्णय घेतला आहे, त्याला निदान त्या निर्णयाचे बिल दाखविणे हे पहिले काम आहे. बिल पाहिल्यावर तो एकतर ते भरील किंवा निर्णयाचा फेरविचार करील. आज तो दोन्ही करीत नाही. निर्णय घेतल्याचे पुण्य तो स्वतःकडे ठेवतो आणि बिल शेतकऱ्याच्या दावणीला बांधतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, जे जन्मल्यावर नकोसे होणार ते जन्माला न येऊ देणे. लिंग विनिश्चित रेतमात्रांनी दहापैकी सुमारे नऊ कालवडी जन्मतात. वरच्याच हिशेबात अडीच गोऱ्ह्यांऐवजी अर्धा धरला तर व्रताची किंमत लिटरमागे ६२ रुपयांवरून सुमारे १८ रुपयांवर येते. गोऱ्ह्याच्या दुःखावर आजवर निघालेल्या उपायांत याहून अहिंसक उपाय नाही. अल्पभूधारकाला या मात्रा जवळच्या दवाखान्यात वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात मिळाव्यात, यासाठी एखाद्या मोठ्या घोषणेइतकाच उत्साह दाखविला पाहिजे.

दुसरी गोष्ट, उरलेला भार दुधाच्या किमतीत उघडपणे यावा. संघ, खासगी दूध कंपन्या आणि शासन यांनी प्रत्येक लिटरमागे ठराविक रक्कम भाकड जनावरांच्या निधीत टाकावी आणि ती गोशाळेलाच नव्हे, तर भाकड गाय स्वतःच्या दावणीला सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाही मिळावी. गाय देशी की संकरित हा भेद तेथे नसावा. कारण भूक जात विचारीत नाही. गरीब मुलांच्या वाट्याचे दूध अंगणवाडी व शाळेतून शासनाने पुरवावे आणि वाढीव किंमत खवा, पेढे, आइस्क्रीम, चीज यांवर अधिक बसवावी. मिठाईच्या पेटीला ही तोशीस सहज सोसेल.

तिसरी गोष्ट, गोशाळांचा हिशेब जनावरांच्या संख्येत नव्हे, तर त्यांच्या प्रकृतीत व्हावा. किती आली, किती मेली, किती चारा आला आणि कोणाच्या पोटात गेला, हे गावाला वाचता येईल अशा फलकावर लिहिले जावे. दानाची पावती फाडली की दात्याचे पुण्य पूर्ण होते, जनावराचे पोट नव्हे. आणि चौथी गोष्ट, कायदा राबविण्याचे काम पोलिसांचे, ते कोणत्याही जमावाने हाती घेऊ नये. बाजारातून बैलजोडी घेऊन रात्री परतणाऱ्या शेतकऱ्याला गोरक्षणाचे भय वाटावे, हा गोरक्षणाचाच पराभव आहे.

यावर असे म्हटले जाईल की, हे सर्व केल्यास दूध महाग होईल. होईल. दूध आजवर स्वस्त होते ते गायीच्या औदार्याने नव्हे, तर वासराच्या उपासाने आणि शेतकऱ्याच्या तोट्याने. जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान देण्याची पाळी शासनावर यावी, दर कोसळला म्हणून २०१८ सारखे आंदोलन पेटून दूध रस्त्यावर ओतले जावे आणि त्याच वेळी शहरातील गृहस्थाने पिशवी दोन रुपयांनी वाढली म्हणून हळहळावे, यात गोभक्तीचा अंश कोठे आहे? मातेची सेवा घाऊक दरात करून मिळत नसते.

सोनारीची वानरे एक धडा देतात. ज्याला समाज खरोखर पूज्य मानतो त्याचे नुकसानही तो सोसतो आणि त्याचा हिशेब कोणाकडे मागत नाही. गायीच्या बाबतीत समाजाने आजवर उलट केले. लाभ स्वतःकडे घेतला, नुकसान तिच्या लेकराकडे आणि तिला सांभाळणाऱ्याकडे ढकलले, आणि मधल्या पोकळीत पूजेचे ताट ठेवले. येत्या वसुबारसेला ते ताट फिरविले जाईल तेव्हा गायीच्या पायाशी वासरू उभे आहे काय, तो गोऱ्हा असेल तर पुढच्या वसुबारसेपर्यंत तो उभा राहणार काय, एवढे तरी ओवाळणाऱ्याने विचारावे. त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची तयारी नसेल तर गायीला माता म्हणण्याचे थांबवावे. उपयुक्त पशू म्हटले तरी ती रागावणार नाही. मात्र माता म्हणावयाचे असेल, तर तिच्या दोन्ही लेकरांना समान वागविणे ओघाने आले. त्यांतले एक लेकरू पेला हातात घेऊन बसले आहे. दुसरे दावणीला बांधलेले आहे.